आधी पाणंद मोजा, मग ट्रॅक्टर बघा

आमचा छोटा ट्रॅक्टर अक्षय्य तृतीयेला कोकणातल्या आमच्या वाडीत आला आणि पुढचे पंधरा दिवस शेजारच्या काकांच्या खळ्यात उभा राहिला. दोष ट्रॅक्टरचा नव्हता. घराकडे येणारी पाणंद दोन गडग्यांमधून जाते. मी ती टेप लावून मोजली होती, चार फूट तीन इंच भरली. ट्रॅक्टर साडेतीन फूट रुंद, म्हणजे नऊ इंच मोकळे. पण मोजलं होतं सरळ भागात. फणसाजवळ ती काटकोनात वळते, आणि तिथे पुढचं चाक कितीही वळवलं तरी मागचं चाक आतल्या गडग्यावर चढायला बघत होतं. शेवटी कोपऱ्यातले दोन हात चिरे काढावे लागले. चिरे काढायला अर्धा तास लागला. ज्यांचा गडगा त्या भावकीची समजूत काढायला बाकीचे दिवस गेले.

त्या पंधरा दिवसांत खळ्यात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कुठच्या कंपनीचा घेतलंस?" मीही महिनाभर तेच विचारत फिरलो होतो. आता वाडीतलं कुणी विचारायला आलं, मुंबईहून एखाद्या चाकरमान्याचा फोन आला, की मी कंपनीचं नाव शेवटी सांगतो. खाली लिहिलंय ते त्याच क्रमाने.

पहिलं काम: वर्षाचे तास लिहून काढा

एक वही घ्या आणि मृगापासून पुढच्या मृगापर्यंत ट्रॅक्टरला काय काम आहे ते लिहा. माझ्या वहीत असं होतं: जून-जुलैत खलाटीतली, म्हणजे सखल भातशेतीतली, चिखलणी. गणपती आटोपले की कलमांखालचं गवत, आणि दिवाळीनंतर वाळल्या गवतात वणव्यासाठी आगरेषा. मोहोर यायच्या आधीपासून फवारण्या; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याचं वेळापत्रक धरलं तर त्याच सहा होतात. उन्हाळ्यात नव्या कलमांना पाण्याची टाकी ओढणं. एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट कातळावरून रस्त्यापर्यंत. अधूनमधून शेणखत, चिरे, लाकूड.

सगळं जोडून शंभर तासांच्या आसपास आलं. आता साधा हिशोब. पाच लाखांचा ट्रॅक्टर दहा वर्षांनी निम्म्या किमतीला गेला असं धरलं, तर वर्षाला पंचवीस हजार नुसते घसरणीचे. शंभर तास चालला तर तासाला अडीचशे रुपये, डिझेल टाकायच्या आधीच. तीस तासच चालणार असेल तर तोच आकडा आठशेच्या वर जातो. त्यात व्याज, विमा, सर्व्हिस मिळवा आणि तुमच्या गावातल्या भाड्याच्या दराशी ताडून बघा. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन पावसाच्या तोंडावर वेळेला मिळत नाही हे खरं आहे, आणि माझा निर्णय त्याच कारणाने झाला. पण ते कारण असेल तर निदान ते वहीत लिहा. हिशोबात ट्रॅक्टर परवडतो अशी मनाची समजूत घालू नका.

एक एकराच्या आतलं माडा-पोफळीचं आगर असेल तर ट्रॅक्टर विसरा. पोफळीतलं अंतर २.७ मीटर, त्यात पाट, आळी, मध्येच जायफळ नि केळ. तिथे ब्रशकटर आणि हातगाडी हेच बरं. नुसती भातशेती असेल, चोंढे लहान आणि बांध उंच असतील, तर पॉवर टिलर बघा. व्हीएसटीचा १३ एचपीचा आणि केरळ सरकारच्या कंपनीचा कॅम्को हे दोन्ही याच कामाचे. टिलर चार माणसांनी धरून बांधावरून उतरवता येतो, ट्रॅक्टर येत नाही. मात्र टिलरमागे दिवसभर चिखलात चालायचं असतं, आणि पन्नाशीनंतर कंबर ते ऐकत नाही.

छोटा ट्रॅक्टर खरा शोभतो तो कलमांच्या बागेत. आंब्याची जुनी लागवड १० बाय १० मीटरवर, काजू ७-८ मीटरवर. घन लागवडीत आंबा ५ बाय ५ वर आला की फांद्या एकमेकांना भिडतात आणि रुंदीपेक्षा उंची जास्त नडते.

दुसरं: बांबूची चौकट

टेपने फसवलं, म्हणून हा उपाय. शोरूममधून निवडीतल्या ट्रॅक्टरची लांबी-रुंदी लिहून आणा. मागे माती घुसळणारा रोटाव्हेटर लागला की लांबी तीन-चार फुटांनी वाढते, तीही धरा. तेवढ्या मापाची चौकट चार बांबूंची बांधा, पुढच्या-मागच्या चाकांच्या जागी खुणा करा आणि दोघांनी उचलून बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, शेवटच्या कलमापर्यंत फिरवा. लोक हसतील. जिथे चौकट अडेल तिथे खडूने खूण करा. ट्रॅक्टर चौकटीसारखा जागच्या जागी फिरत नाही. छोट्या ट्रॅक्टरलाही वळायला साधारण दोन-अडीच मीटरची त्रिज्या लागते. म्हणून प्रत्येक वळणावर तेवढी दोरी घेऊन जमिनीवर कमान आखून बघा.

उंचीसाठी काजूच्या खाली जाऊन उभे राहा. काजूची फांदी छातीला लागते, आणि बहुतेक ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटमधून सरळ वर उभा असतो. आडव्या, खाली वळवलेल्या सायलेन्सरचं मॉडेल मिळत असेल तर बागायतदाराने तेच मागावं.

उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. दहा फुटांत दोन फुटांपेक्षा जास्त चढ भरला, तर तिथे आडवा ट्रॅक्टर घालायचा नाही, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. सरळ वर, सरळ खाली, इतकंच. आपल्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान कंपनीतून येत नाही. पाऊस पडून गेल्यावर तांबड्या मातीवर जे शेवाळ धरतं त्यावर माणूस घसरतो, तिथे सातआठशे किलोचं यंत्र घसरायला कितीसा वेळ?

तिसरं: एचपीच्या मागे न लागता हे चार भाग बघा

जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. अवजाराला मिळतो तो पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, आणि तो साधारण पंधरा टक्के कमी. २० एचपीच्या ट्रॅक्टरवर तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर सुखाने चालतो. चार फुटी लावला की ओल्या मातीत इंजिन रडायला लागतं. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, ओढायची क्षमता, उचलायची क्षमता, ब्रेक, सगळं मोजलेलं असतं. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मागा. तो मागणारं गिऱ्हाईक कमी येतं, त्यामुळे समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

फोर-व्हील ड्राइव्ह. देशावरच्या सपाट काळ्या रानात यावर वाद घाला, कोकणात नको. चढावर ट्रॉली ओढताना टू-व्हीलचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. उतारावर तर फरक जिवाचा आहे: फोर-व्हीलमध्ये इंजिनचा रोध चारही चाकांना मिळतो, टू-व्हीलमध्ये मागच्या दोनांना, आणि ती घसरली की संपलं. पाऊण-एक लाख वाचतात म्हणून टू-व्हील घेतलेले दोघं माझ्या माहितीत आहेत. दोघांचेही ट्रॅक्टर पावसाळ्यात वडाखाली उभे असतात.

क्लच आणि पीटीओ. याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. साध्या सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकंही थांबतात आणि मागचं अवजारही. रोटाव्हेटरला हे चालतं. पण ऑक्टोबरमध्ये कमरेएवढं गवत श्रेडरने कापताना गवत दाटलं की ट्रॅक्टर थांबवून पातं फिरत ठेवावं लागतं, म्हणजे गुंता निघून जातो. सिंगल क्लचमध्ये पातंही थांबतं आणि पुन्हा सुरू होताना गवत गुंडाळून बसतं. मग तुम्ही कोयती घेऊन खाली. गवताचं काम जास्त असेल तर डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओचंच मॉडेल घ्या. शोरूममध्ये पीटीओ चालू करून क्लच दाबायला लावा. शाफ्ट थांबतो की फिरतो ते डोळ्यांनी बघा.

पुढच्या एक्सलची सीलं. चिखलणी करणार असाल तर ट्रॅक्टरचं पुढचं अंग दिवसभर गढूळ पाण्यात असतं. सील गळालं की पाणी आत जातं, तेल दुधाळ होतं, गिअर खाल्ले जातात. काही बनावटींत पुढच्या चाकांना ताकद बंदिस्त बेव्हल गिअरमधून जाते, उघडे जॉइंट नसतात. चिखलासाठी ती रचना चांगली, आणि चाकंही जास्त वळतात. कुबोटाच्या बी मालिकेत ती आहे. दुसऱ्या कुठल्या मॉडेलमध्ये आहे का, ते विक्रेत्याला नुसतं विचारू नका, खाली वाकून दाखवायला सांगा.

टायरबद्दल थोडक्यात: जांभ्याच्या कातळावर टायरच्या बाजू चिरतात. स्पेअर मिळतो का, आणि त्या मापाचा टायर जिल्ह्यात कुठे असतो ते विचारून ठेवा. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचं माप भलतंच असतं.

युट्यूबवर अमेरिकेतले लोक आपल्या घरामागच्या हिरवळीवर असलेच ट्रॅक्टर चालवताना दिसतात. पुढे लोडर, पायाने चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअर, टायर गुळगुळीत. त्यांची तुलना ऐकून इथे ब्रँड ठरवू नका. नाव तेच असलं तरी इथल्या शोरूममधलं यंत्र वेगळं असतं, आणि त्यांच्या हिरवळीला बांध नसतात.

चौथं: आता कंपन्या

आधी घराणी समजून घ्या, कारण बोर्ड अनेक असले तरी घरं थोडी आहेत. स्वराज २००७ पासून महिंद्राच्या घरात आहे. फार्मट्रॅक, पॉवरट्रॅक आणि कुबोटा आता एस्कॉर्ट्स कुबोटा या एका कंपनीखाली येतात. सोनालिका आणि सोलिस हे होशियारपूरच्या एकाच कारखानदाराचे. म्हणून दोन दुकानांत जाऊन दोन वेगळ्या कंपन्या बघितल्या असं समजू नका.

महिंद्राची आपल्याकडची बाजू म्हणजे जाळं. तालुक्याच्या गावाला कुणी ना कुणी मिस्त्री महिंद्रावर हात बसलेला सापडतो. युवराज २१५ हा १५ एचपीचा, एका सिलिंडरचा. आवाज नि थरथर भरपूर, पण उघडायला सोपा आणि स्वस्त. तो टू-व्हील आहे, त्यामुळे सपाट खलाटीवाल्याने बघावा, कातळावरच्याने नाही. जिवो २२५ हा २० एचपीचा, दोन सिलिंडरचा, फोर-व्हीलमध्ये मिळतो, ७५० किलो उचलतो. अरुंद बागांसाठी त्याची कमी रुंदीची आवृत्तीही आहे. त्याच घरातली ओजा मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मित्सुबिशीबरोबर जपानमध्ये विकसित केलेली, २१ एचपीपासून पुढे, सगळी फोर-व्हील. गिअर आणि पीटीओ दोन्हींत ती जिवोच्या पुढे आहे. माझी शंका एवढीच: जास्त वायरिंग आणि बटणं, आणि समुद्राचा खारा वारा. गाडी सावलीत, कोरड्या मांगरात राहणार असेल तर घ्या.

स्वराज कोड वेगळाच प्राणी आहे. २०२१ साली आला; ११ एचपीचा, पेट्रोलवर चालणारा, तीन फुटांच्या आत रुंदीचा, दोन्ही दिशांना तोंड करून चालवता येतो. पाणंद खरोखरच चिंचोळी असेल आणि काम भाजीपाला, आंतरमशागत, हलकी फवारणी एवढंच असेल तर चौकटीच्या परीक्षेत तो एकटा पास होईल. ट्रॉली भरून चिरे ओढायला त्याला घेऊ नका. स्वराजचा ७१७ हा युवराजच्या जोडीचा, त्याच वर्गातला.

कुबोटाचा निओस्टार ए-२११ एन हा २१ एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर-व्हील. शेजारी उभं राहून बोलता येतं इतका शांत. बागेत फवारणीला दिवसभर बसणाऱ्याला तीन सिलिंडरचा फरक संध्याकाळी मनगटात कळतो. बी २७४१ हा त्याचा मोठा भाऊ, २७ एचपीचा. बनावटीत मला कुबोटा सगळ्यांत नीटस वाटतो. अडतं ते सुट्या भागांवर: किंमत जास्त, आणि जवळ डीलर नसेल तर भाग घाट उतरून यायची वाट बघायची.

जॉन डिअरचा ३०२८ ईएन हा २८ एचपीचा फोर-व्हील, अरुंद बांध्याचा. कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. या यादीतला तो महागड्यांपैकी. पाच-सात एकर सलग कलमं आणि फवारणीचा मोठा ब्लोअर असेल तरच तेवढी ताकद कामाला येते. घर आणि एक-दोन एकरांसाठी मी म्हणेन, नको.

व्हीएसटी मूळची बंगळूरची टिलरवाली कंपनी, मित्सुबिशीच्या तंत्रावर वाढलेली. तिचा एमटी १८० डी आकाराने खरोखर लहान. गावात व्हीएसटीचे टिलर असतील तर त्यांचा मिस्त्रीही ओळखीचा असतो, हा मोठा फायदा. उचलायची क्षमता कमी आहे, जड अवजारं लावू नका. राजकोटची कॅप्टन तर ओळखलीच जाते मिनी ट्रॅक्टरसाठी. बनावट साधी, किंमत आटोक्यात, पण तुमच्या जिल्ह्यात सर्व्हिस कोण देतं ते आधी बघा. सोनालिकाचा जीटी २० तीन सिलिंडरचा, २० एचपीचा. किमतीच्या मानाने बरा.

आणि एक नाव जे आता नव्याने घेता येत नाही: पुण्याच्या फोर्स मोटर्सने मार्च २०२४ अखेर ट्रॅक्टरचा धंदाच बंद केला. त्यांचा ऑर्चर्ड मिनी बागायतदारांत चांगला चालायचा. जुन्या बाजारात तो स्वस्तात समोर येईल तेव्हा हे आठवा.

पाचवं: डीलरच्या पार्ट काउंटरवर जा

यादी दोन-तीन मॉडेलवर आली की शोरूमच्या सोफ्यावर बसू नका, मागच्या पार्टच्या काउंटरवर जा. गिऱ्हाईक म्हणून नाही, मिस्त्री म्हणून. विचारा: या मॉडेलचं पुढच्या एक्सलचं सील आहे? क्लचप्लेट? पंख्याचा पट्टा? डिझेल फिल्टर? चारपैकी तीन "आहे" आणि हातात काढून दाखवले तर ठीक. "उद्या कोल्हापूरहून मागवतो" असं उत्तर आलं तर त्या उद्याचा अर्थ मी सांगतो.

दुसऱ्या पावसाळ्यात जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पुढच्या उजव्या चाकाशी तेलाचा ओघळ दिसला. सील. तळहातावर मावेल एवढी रबरी चकती. डीलरकडे नव्हती. मागवतो म्हणाले. मग घाटात दरड आली, मग चुकीच्या मापाची आली, मग तो माणूस रजेवर. एकोणीस दिवस. रोपं तरव्यात पिवळी पडायला लागली, आणि मी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून लावणी उरकली, त्यानेही "स्वतःचा आहे ना?" म्हणून विचारून घेतलंच. आता दोन सीलं, एक पट्टा, दोन फिल्टर मांगरात डब्यात असतात. ट्रॅक्टर घेतानाच हा डबा भरून घ्या, सौद्याच्या वेळी विक्रेता भिडेखातर देतो.

काउंटरनंतर एक फोन: त्याच डीलरकडून दोन वर्षांपूर्वी तेच मॉडेल घेतलेल्या दोघांचे नंबर मागा आणि त्यांना एकच विचारा, मिस्त्री घरी येतो की ट्रॅक्टर टेम्पोत घालून न्यावा लागतो? आपल्याकडे खाडीपलीकडचं गाव नकाशावर पाच किलोमीटर आणि रस्त्याने पस्तीस असतं. माझ्या मते चांगल्या कंपनीपेक्षा तासाभरात पोचणारा मिस्त्री मोलाचा. दोन मॉडेलांत अडलात तर ज्याचा मिस्त्री जवळ, ते घ्या.

सहावं: चाचणी आपल्याच जमिनीवर

शोरूमच्या आवारातली फेरी बिनकामाची. डेमो घरी मागा, आणि माती ओली असेल तेव्हाच. मग हे करून बघा. सगळ्यात उभ्या चढावर अर्ध्यात थांबवा, हँडब्रेक लावा, पुन्हा निघा. तुमच्या घरातला जो कुणी चालवणार आहे त्यालाच बसवा. बुटक्या माणसाचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोचतो का बघा, उंच माणसाचा गुडघा स्टिअरिंगला अडतो का बघा. मागे वजनदार अवजार उचलून पुढची चाकं जमिनीला नीट धरून राहतात का ते बघा. तासभर चालवून इंजिनाची उष्णता बघा, कारण आपल्या बागेतलं वाळलं गवत रेडिएटरच्या जाळीवर चिकटतं. जाळी हाताने निघते का तेही.

ब्रेकची एक गोष्ट. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळायला. रस्त्यावर, उतारावर आणि ट्रॉली जोडलेली असताना दोन्ही पेडल पट्टीने एकत्र बांधलेलीच हवीत. एकच ब्रेक लागला की ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो. ती पट्टी घट्ट बसते का, हे डेमोतच तपासा.

सातवं: कागद

अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करायचा. फार्मर आयडी आधी काढून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं: पूर्वसंमती पत्र हातात पडायच्या आधी खरेदी केली, बिल फाडलं, की अनुदान गेलं. आणि आपलं जुनं दुखणं, सातबारा. आजोबांच्या नावावरून खाली बावीस नावं, त्यातली नऊ मुंबईत, दोघांचा पत्ता नाही. संमतीपत्रं गोळा करायला गणपतीची सुट्टी वापरा. तेव्हाच सगळे घरी सापडतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्याआधीच्या किमतीचं कोटेशन, जुनं पत्रक कुणी पुढे केलं तर परत द्या. छोट्या ट्रॅक्टरची किंमत मॉडेलप्रमाणे साडेतीन ते आठ लाखांच्या पट्ट्यात पडते. कोडसारखे त्याच्याही खाली. अवजारांचं बिल वेगळं येतं, आणि रोटाव्हेटर, ट्रॉली, फवारणीचा एचटीपी पंप धरून लाख-दोन लाख कधी वाढतात ते कळत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते. शेतीच्या नोंदणीचा ट्रॅक्टर भाड्याने चिरे-वाळू वाहायला वापरला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

जुना घ्यायचा असेल तर तासांचं मीटर बघण्याआधी क्लचच्या पेडलचं रबर बघा. मीटर बदलता येतं, झिजलेलं पेडल खोटं बोलत नाही. गिअरचं आणि पुढच्या एक्सलचं तेल थेंबभर काढा. दुधाळ असेल तर तो चिखलात बुडून आला आहे. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, हे पैसे देण्याआधी.

पहिला पावसाळा

मेच्या शेवटी डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्धी टाकी दमट हवेत आतून घामेजते आणि ते पाणी पंपात जातं. फिल्टरखालचा पाण्याचा नळ आठवड्याला उघडून थेंब काढा. बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलीन. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तर नुसता उभा असलेला ट्रॅक्टरसुद्धा महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने धुवा, आणि धुतल्यावर वीस मिनिटं चालवून कोरडा करा. वायरिंगजवळ डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधा. मांगरातल्या उंदरांना आपल्या सुक्या मासळीनंतर जास्त आवडते ती वायर.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर पडलेले माड नि पोफळी ओढून काढायला जो तो ट्रॅक्टर धुंडाळत होता, ते तुम्हालाही आठवत असेल. तशी वेळ आली तर साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारच्या हुकाला लावायची, अवजार जोडायच्या वरच्या लिंकला कधीच नाही. वर बांधून अडकलेलं झाड ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर डोळ्याचं पातं लवेपर्यंत चालकाच्या अंगावर उलटा येतो. पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू ताण द्या. झाड हललं नाही तर उतरा आणि करवत आणा.

उभ्या सायलेन्सरवर पावसाळाभर रिकामा डबा उपडा घालून ठेवायचा. सकाळी चावी फिरवताना तो काढायला मी अजून विसरतो, आणि डबा फणसापर्यंत उडतो.